फक्कीच्या रेघा

चि. सायली,


‘मामा, याला फुटबॉल म्हणतात आणि चेंडू तर हातात! शिवाय दोन पावलं पळतात की थांबतात,’ असं तू अमेरिकन फुटबॉल बघताना स्टेडियममधून म्हणालीस. तेव्हा फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या रटगर्स विद्यापीठाचा कॉलेज अव्हेन्यूवरचा जिमखाना आहे ना, तिथेच ६ नोव्हेंबर १८६९ रोजी प्रिन्स्टनची मुलं येऊन खेळली. एकेका बाजूला पंचवीस जण. ओळख पटावी म्हणून रटगर्सच्या मुलांनी डोक्याला लाल फडकी गुंडाळलेली. चेंडू घेऊन पळायला मनाई. लाथ मारायची, नाहीतर हाताने ठोसायचा. रटगर्स ६-४ ने जिंकलं. फुटबॉल हे नाव त्या वेळचं आहे, आणि त्या वेळी ते खरंच होतं. चेंडू हातात आला तो १८७४ नंतर, मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठाने हार्वर्डला रग्बीची गोडी लावली म्हणून.

थांबण्याचं मूळ येलच्या वॉल्टर कॅम्पकडे. १८८० मध्ये त्याच्या सांगण्यावरून चेंडू एका संघाच्या स्वाधीन करून दुसऱ्याला रेघेपलीकडे उभं केलं. पुढच्याच वर्षी येल आणि प्रिन्स्टनने अर्धा-अर्धा सामना चेंडू नुसता दाबून ठेवला. गुण एकही नाही! म्हणून १८८२ मध्ये ठरलं : तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. ते मोजायला मैदानभर फक्की मारली, आणि मैदान भाजायच्या जाळीसारखं दिसू लागलं. ‘ग्रिडायर्न’ हे नाव त्यावरून.

पण त्या पाच यार्डांसाठी मुलं एकमेकांना धरून, घोळक्याने समोरच्यावर तुटून पडत. पुढचं लिहिताना हात जड होतो. १९०५ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून समज दिली. तरी नोव्हेंबरात युनियन कॉलेजचा हॅरोल्ड मूर न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना डोक्याला मार लागून गेला. कुणाच्या तरी घरचा पोरगा, सामना खेळायला म्हणून गेलेला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रमुखांनीच मग पुढाकार घेतला, आणि डिसेंबरात ६२ कॉलेजांचे प्रतिनिधी एकत्र बसले.

१९०६ पासून पाचाचे दहा यार्ड झाले आणि चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली. घोळका फुटावा, मुलं मैदानभर पांगावीत, एवढ्यासाठी. मरणं लगेच थांबली नाहीत. १९०९ नंतर पुन्हा नियम बदलावे लागले.

तू ज्या लांब फेकीवर खुर्चीतून उठून ओरडलीस, ती अशी आली. कधी जिमखान्यावरून जाशील तेव्हा त्या जागेचा एक फोटो पाठव.

तुझा,
मामा