रात्र कुणाची?

रात्र वैऱ्याची आहे, जागे राहा, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या बजावत आलो. जोतिबाच्या डोंगरावरून समोरच्या पन्हाळ्याकडे पाहताना मात्र ही म्हण मला टोचत राहते. मार्च १६७३ मध्ये शिवाजी महाराजांच्या कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी एका रात्रीत तो गड घेतला. त्या रात्री वैरी आपण होतो आणि बेसावध होते ते आदिलशाही गडकरी. म्हण उच्चारणारा नेहमी तटाच्या आत असतो. तट चढणाऱ्याला तीच रात्र आपली वाटते. बरे, चढणाऱ्याचीही ती खात्रीची नसते. जानेवारी १६६६ मध्ये याच गडावर पहाटेच्या अंधारात घातलेला महाराजांचा छापा फसला. सरनोबत नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत आणि सुमारे हजार माणसे कामी आली.

मग १६७३ च्या छाप्याचे मोल त्या रात्रीवरून ठरवावे, की पुढच्या वर्षावरून? अली आदिलशहा नुकताच वारला होता, तख्तावर बालवयाचा सिकंदर होता. पन्हाळा जाताच विजापूरने सरदार बहलोलखानाला धाडले. कुणी म्हणेल, गड आपलाच होता, १६६० मध्ये नाइलाजाने सोडलेला. थोड्या फौजेच्या राज्याला दुसरा मार्ग कोणता? ते मला मान्य आहे. पण बाजू न्यायाची असली तरी मागून येणारे युद्ध टळत नाही. १९४१ साली पर्ल हार्बरवर बाँब टाकणाऱ्या जपानची बाजू न्यायाची नव्हती. तरी एका सकाळच्या यशाने अमेरिकेला युद्धात ओढले, यशामागून युद्ध आले हे दोन्हीकडे सारखेच.

पण माझे मन खरे अडते ते उमराणीच्या लढाईपाशी. तिथे सरनोबत प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाचे पाणी तोडले, त्याला कोंडीत धरले आणि तो गयावया करू लागताच सोडून दिले. महाराज संतापले, खान पुन्हा चालून आला आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला सहा स्वारांसह प्रतापराव त्याच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण गेले. प्रतापरावांनी दया दाखवली ही चूक, असे सारे सांगतात. मला मात्र वाटते, छाप्याने पेटलेले युद्ध कुणीतरी कुठेतरी थांबवायला हवेच होते आणि तसा प्रयत्न त्या एकानेच केला. तो फसला म्हणून चूक म्हणावे, तर १६६६ चा छापाही चूकच ठरेल. आणि खानाला तिथेच मारले असते तर विजापूर गप्प बसले असते का, याचे उत्तर मला सापडत नाही. छाप्याचा मी आरंभी केलेला हिशेबही त्यामुळे आता तितकासा पक्का वाटत नाही.