मॉरिशसला भाद्रपदात

घाटकोपरच्या भटवाडीत गणपतीच्या आधी महिनाभर रात्री मृदंग घुमायचा. जेवणं उरकून संगमेश्वर, लांजा, गुहागरकडची माणसं नळाजवळच्या सपाट जागेत जमायची. गाणारे मध्ये बसत, भोवती नाचणाऱ्यांचा फेर, पायांत चाळ. बाबा त्या फेरात असायचे. दिवसभर कारखान्यात उभा राहिलेला माणूस रात्री इतका हलका कसा होतो, हे मला कळत नसे. बघत राहावंसं मात्र वाटे. आधी गण, मग गवळण, पुढे सवाल-जवाब. चतुर्थी दोन दिवसांवर आली की ती अख्खी तालीम एसटीत बसून गावाला जायची.

लग्नानंतर मी मुलुंडला आले. तिथे हाच नाच, आमची जाखडी, कालिदास नाट्यगृहात, शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचा सामना म्हणून, तिकीट काढून भेटू लागली. मी आवर्जून जाते, बाबांनाही नेते. पण रंगमंचावर फेर प्रेक्षकांकडे तोंड करून उघडतो, गाणारे मागे सरकतात. मला तो चारी बाजूंनी मिटलेलाच आवडतो.

आणि मग एका रात्री फोनवर मॉरिशसची झाकरी पाहिली. मराठी गाणं, तोच फेर, तीच पावलं. बाबांना दाखवली. ते काही न बोलता मांडीवर ठेका धरून बसले.

मॉरिशस म्हणजे तोवर माझ्या लेखी डोडो पक्षी आणि मधुचंद्राच्या जाहिराती. वाचायला लागले तशी ती माणसं दिसू लागली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून करारावरचे मजूर पोर्ट लुईला उतरले. गुलामगिरी संपत आली होती आणि ऊसमळ्यांना राबणारे हात हवे होते. १९२० पर्यंत हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसं त्या बंदरात उतरली. बरीचशी बिहारकडची, कलकत्त्याहून निघालेली. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत आमच्या कोकणातली माणसं होती. गाठोड्यात मृदंग नेला असेल, नसेल; चाल पाठ होती. हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये तिथली पहिली गणेशचतुर्थी झाल्याचं सांगतात. आज त्यांच्या घरांत बहुतेक क्रिओल बोलली जाते, मराठी शाळेत विषय म्हणून शिकावी लागते. तरी फेर सुटला नाही. एवढ्या कष्टांत, मालकाच्या जमिनीवर, दिवस मावळल्यावर कुणीतरी पोरांना पावलं शिकवत राहिलं असणार. त्या शिकवणाऱ्यांबद्दल मला फार माया वाटते.

म्हणून जायचं ठरवलं. सहल कंपनीच्या पत्रकात शामारेलची रंगीत माती होती, गंगा तलाव होता, डिसेंबरची तारीख होती. डिसेंबरला मी नाही म्हटलं. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला एकोणीस अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला वीसवर, ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचा मोसम. आपला भाद्रपद म्हणजे तिथला सरता हिवाळा, कोरडा आणि सुखद. बाकी अडचण फारशी नाही. पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, मुंबईहून थेट विमान सहा-सात तासांत पोचतं, घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. पोर्ट लुईचा, मजूर उतरत तो आप्रवासी घाट पाहायचा, कास्काव्हेलला मराठी वस्तीतल्या मंदिरात जायचं. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. त्यांच्यासाठी एक दिवस वेगळा ठेवायचा.

खरी अडचण तारखेची. तिथली गणेशोत्सवाची सुट्टी आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आपली चतुर्थी होती, त्यांची सुट्टी २८ ला. त्या दिवशी मूर्ती नदीकडे, समुद्राकडे निघतात. म्हणजे गावचा गणपती बसवून मागाहून निघू, हे जमणारं नाही. आणि बाबांनी उभ्या आयुष्यात एकही चतुर्थी गावाबाहेर काढलेली नाही. त्यांना विचारायलाच मला धीर होईना. पत्रकं टेबलावर पडून राहिली.

शेवटी त्यांनीच विषय काढला. ‘पूजा काका करील गो. मला तिकडचा गण ऐकायचा आहे.’

आता ट्रंकेतली त्यांची गाण्यांची वही बाहेर आली आहे. शाई पसरलेली, पानांच्या कडा गेलेल्या. त्यांच्या शाहिरानं बांधलेला गण ते मला मोठ्या, सुट्या अक्षरांत उतरवून घ्यायला लावताहेत. तिकडची मुलं शाळेत देवनागरी शिकतात, तेव्हा त्यांना वाचता येईल, असं बाबांचं म्हणणं आहे. चाल ते स्वतः सांगणार आहेत.