तुर्भ्याहून केडगावास : पवित्र सप्ताहाची दैनंदिनी

तुर्भे, झावळ्यांचा रविवार

उपासना आटोपून झावळ्या घेतलेली मुले घरोघर पांगली, तरी वडीलधारी मंडळी बराच वेळ उठली नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या भरभराटीच्या काळी नगर-जालन्याकडून पोटापाण्यासाठी आलेली ही कुटुंबे; त्यांतील कित्येकांचे कारखाने बंद पडले आणि त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. यंदाच्या उपवासकाळात एका घरची नोकरी सुटली, दुसऱ्या घरचा कर्ता मुलगा गेला. त्याच्या आईने सर्वांदेखत विचारले, “पुढच्या रविवारी मी कोणत्या तोंडाने गाऊ?” पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला; उत्तर कोणीच दिले नाही आणि तेच योग्य झाले. मीही काही बोललो नाही, परंतु पंडिता रमाबाईंच्या केडगावी हा सप्ताह काढण्याचा बेत त्याच घटकेस पक्का केला.

सोमवार, प्रवासात

तुर्भ्याहून ठाणे, तेथे गाडी बदलून बोरघाटाने पुणे, आणि पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगाव. लोणी, उरुळी, यवत मागे पडली. कालव्याचे पाणी पोहोचते तेथे ऊस, न पोहोचते तेथे करपलेले रान. मुक्कामी पोहोचेतो दिवस मावळला.

मंगळवार, केडगाव

रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात आज सबंध सकाळ गेली. निराधार स्त्रिया आणि मुली येथे अद्यापि राहतात, आणि ज्या दुष्काळाने हे घर वसविले त्याची हकीकत बोलण्याच्या ओघात सहज निघते. रमाबाई स्वतः दुष्काळाचे अपत्य होत्या. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील भटकंतीत वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण अन्नान्न करीत गेली, तेव्हा रमाबाई अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती बिपिन बिहारी मेधावी यांना नेले, तेव्हा पदरी तान्ही मनोरमा होती. पुढच्या वर्षी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढले; ते पुढे पुण्यास हलले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींना आणावयास त्या निघाल्या, तेव्हा त्या चेहऱ्यांत त्यांना स्वतःचेच कोवळे वय दिसले असले पाहिजे, असे मला वाटते. पुण्यात प्लेगचा कडक बंदोबस्त असल्यामुळे त्या मुलींचा संसार केडगावच्या जमिनीवर मांडावा लागला, आणि १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तो फार वाढला.

हे चरित्र चमत्कारांची माळ ओवल्याप्रमाणे सांगण्याची रीत पडली आहे. ती मला पटत नाही. श्रद्धेने त्यांचे दुःख पुसले नाही. ज्या भुकेने त्यांची माणसे नेली, तिच्याच तोंडातून त्यांनी दुसऱ्यांची मुले ओढून काढली, आणि पुनरुत्थानावरील विश्वासाचा याहून खरा पुरावा मला ठाऊक नाही.

बुधवार

रमाबाईंच्या समाधीपाशी जाऊन आलो. कॅलेंडरांचा हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली, जी इतकी वर्षे वाचूनही माझ्या मनाला कधी भिडली नव्हती. मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी गेल्या. रमाबाईंनी आपल्यामागे संस्थेची धुरा जिच्या खांद्यावर द्यावयाची, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकविण्याचे काम जिने हाती घेतले, ती एकुलती एक कन्या. त्यानंतर आठ-नऊ महिने रमाबाई हिब्रू आणि ग्रीक मुळावरून सोप्या मराठीत उतरविलेल्या पवित्र शास्त्राची मुद्रिते तपासीत बसल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, झावळ्यांच्या रविवारास चार दिवस उरले असता, त्यांनी देह ठेवला. त्या वर्षीचे ईस्टर १६ एप्रिलला आले. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ मध्ये. म्हणजे लेकीच्या मृत्यूनंतरचे ईस्टर या बाईंच्या वाट्याला आलेच नाही. उपवासकाळच तेवढा आला, आणि तो त्यांनी इतरांच्या हाती शुभवर्तमान पडावे म्हणून वेचला.

उत्तम शुक्रवार

वधस्तंभावरील सात उद्गारांवर दुपारभर मनन झाले. चौथा उद्गार, देवाने आपल्याला टाकले असा आक्रोश, आज प्रथमच मला तुर्भ्याच्या त्या आईच्या आवाजात ऐकू आला. तिचा प्रश्न उपासनेबाहेरचा नसून उपासनेच्या गाभ्यातलाच आहे, याची खूण पटली, आणि मन शांत झाले.

शनिवार

काहीच नाही. पायी फिरलो, गुऱ्हाळावर ताजा गूळ खाल्ला.

ईस्टर, पहाटे

अंधारातच सारे जमले. पेटी-तबल्याच्या साथीने ‘उपासना संगीता’तील पदे सुरू झाली. शेजारी येथेच वाढलेल्या आणि येथेच शिक्षिकेची नोकरी केलेल्या एक वृद्ध बाई होत्या. मी त्यांना तुर्भ्याची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “दादा, त्या माऊलीला म्हणावं, यंदा तू गाऊ नको. तू बस. आम्ही तुझ्या वाटणीचं गाऊ, पुढच्या वर्षी तू कुणाच्या तरी वाटणीचं गाशील.”

उजाडताच मी ते शब्द पत्रात उतरवून तुर्भ्यास रवाना केले. दुपारच्या गाडीने दौंड आणि तेथून नगर गाठावयाचे आहे. रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या घरासंबंधीचा मजकूर पुढील लेखांकात.