कोरड्या नदीकाठी

केनियाच्या वायव्य टोकाला तुर्काना नावाचा प्रदेश आहे. वाळू, काटेरी झुडपे, वर्षातून क्वचितच वाहणाऱ्या नद्या आणि उंट-शेळ्यांच्या मागे पाण्याच्या शोधात फिरणारी माणसे, असे त्याचे रूप. इंग्रज सरकारने हा मुलूख बाहेरच्यांना बंद करून ठेवला होता. जोमो केन्याटांना ज्या लोकितांग आणि लोडवार या गावांत बंदिवासात ठेवले गेले, ती याच प्रदेशातली. माणसाला शिक्षा म्हणून जिथे धाडायचे, त्या भूमीत १९६१ साली ऐन दुष्काळात आयर्लंडमधील सेंट पॅट्रिक मिशनरी सोसायटीचे धर्मगुरू स्वखुशीने जाऊन राहिले. प्रथम अन्नवाटप झाले, मग दवाखाने आले, शाळा आल्या. १९७८ साली लोडवार हे स्वतंत्र धर्मप्रांत झाले.

इतक्या दूरच्या मुलखाची कहाणी आम्ही का सांगत आहोत, असे वाचकांस वाटेल. त्यास कारण आहे. प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामात घरोघरी त्यागाची पाकिटे दिली जातात. एके वर्षी पाकीट परत देताना एका वृद्ध भगिनीने आम्हांस विचारले, "फादर, हे पैसे खरोखर पोचतात का हो? आणि पोचून काय होतं?" या प्रश्नात आम्हांस अश्रद्धा दिसली नाही. ज्या हातांनी भाजीच्या पैशांतून ती रक्कम बाजूला काढली, त्या हातांना हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तिला दोन वाक्यांत उत्तर देणे आम्हांस अवघड गेले. तुर्कानाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला की ते का अवघड आहे हे ध्यानात येते.

आधी फसलेले उदाहरण घेऊ. या प्रदेशाच्या पूर्वेस सुमारे २५० किलोमीटर लांबीचे तुर्काना सरोवर आहे. दुष्काळात गुरे मरतात, मात्र सरोवरात मासे विपुल आहेत. तेव्हा या लोकांना मासेमार करावे, असा विचार पुढे आला. नॉर्वेच्या सरकारी साहाय्याने सरोवराकाठी कालोकोल येथे मासे गोठवण्याचा भव्य कारखाना १९८० च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. हेतू निर्मळ होता, पैसाही प्रामाणिकपणे खर्च झाला. परंतु त्या रणरणत्या उन्हात मासे गोठवण्याचा खर्च माशांच्या किमतीला पेलेना, आणि शीतगृह अल्पावधीतच बंद पडले. पुढे अवर्षणात सरोवराचा तो आखातच आटला. तुर्काना माणसाची पत, त्याचे लग्न, त्याचे नातेगोते हे सारे गुराढोरांवर उभे असते. मासेमारी हा त्याच्या दृष्टीने गुरे गमावलेल्याचा नाइलाज होता. त्याची गरज ठरवताना त्याचेच मत पुरेसे घेतले गेले नव्हते. पैसा पोचला होता, पण तो माणसापाशी न थांबता इमारतीपाशी थांबला.

आता दुसरी गोष्ट. १९९२ साली आम्ही पुण्यास सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. मानव म्हणजे काय, यावर आमचे तासन्‌तास वाद चालत. त्याच वर्षी सुदानमधून हजारो मुलगे पायी चालत केनियात शिरत होते. १९८७ च्या सुमारास यादवी युद्धात त्यांची गावे जळाली, तेव्हा ते इथिओपियात गेले. १९९१ मध्ये तिथले सरकार कोसळताच त्यांना पुन्हा पळावे लागले, आणि गिलो नदी ओलांडताना कित्येक बुडाले. उरलेल्यांसाठी तुर्कानातील ताराच या कोरड्या नदीच्या काठी काकुमा येथे छावणी उघडण्यात आली. आईबापांवाचून आलेल्या या मुलांमध्ये एक म्हण रूढ झाली होती : शिक्षण हीच माझी आई आणि शिक्षण हाच माझा बाप. वही नव्हती तेव्हा ती झाडाखाली बसून बोटाने मातीत अक्षरे गिरवत.

या मुलांच्या भुकेला धरून संस्था कामास लागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेच्या छत्राखाली लुथरन वर्ल्ड फेडरेशनने प्राथमिक शाळा चालवल्या, विंडल ट्रस्टने माध्यमिक शिक्षण आणि शिष्यवृत्त्या सांभाळल्या. डॉन बॉस्कोच्या सलेशियन बंधूंनी सुतारकाम, गवंडीकाम, वेल्डिंग व शिवणकामाचे वर्ग काढले. फादर पेद्रो आरुपे यांनी १९८० साली स्थापन केलेली येशूसंघीयांची निर्वासित सेवा इथे आली, तिने मनाने खचलेल्यांना आधार दिला आणि अत्याचारपीडित स्त्रियांना आसरा दिला. २०१० मध्ये अमेरिकेतील रेजिस विद्यापीठाच्या साहाय्याने छावणीतच पदविकेचे उच्चशिक्षण सुरू झाले. आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, या छावणीतील शाळांचे बहुसंख्य शिक्षक स्वतः निर्वासितच आहेत. कायद्याच्या मर्यादेमुळे त्यांना पगार न मिळता नाममात्र मानधन मिळते. तरी ते एकेका वर्गात शंभराच्या आसपास मुले सांभाळतात.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे. छावणीच्या कुंपणाबाहेरचा तुर्काना मेंढपाळ दुष्काळात उपाशी होता, आणि आत परक्यांना शिधा मिळत होता. त्याच्या बायका सरपण आणि कोळसा डोक्यावर वाहून आणत व छावणीतल्या शिध्याच्या मूठभर धान्याच्या बदल्यात देत. यजमान दरिद्री आणि पाहुणा पोसलेला, अशा घरात कलह न होईल तर नवल. हाणामाऱ्या झाल्या, रक्त सांडले. हे ओळखून २०१६ साली जवळच कालोबेये येथे नवी वसाहत वसवण्यात आली. निर्वासित व स्थानिक यांनी शाळा, दवाखाना आणि बाजार एकत्र वापरावा, अशी त्यामागील कल्पना. मदत देताना दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्यास विसरून चालत नाही, हे शिकण्यास चोवीस वर्षे लागली.

आणि तिसरी, सर्वांत कठीण गोष्ट. काकुमा आणि कालोबेये मिळून आज सुमारे तीन लाख माणसे तिथे राहतात. २०२५ साली अमेरिकेसह अनेक देशांनी परदेशी मदतीला कात्री लावली. जागतिक अन्न कार्यक्रमाचा शिधा पूर्ण वाट्याच्या एक तृतीयांशाहूनही खाली आला, लोक रस्त्यावर उतरले. या माणसांना आळशी म्हणणे सोपे आहे. पण छावणी सोडून मुक्तपणे हिंडण्यास व नोकरी करण्यास त्यांना वर्षानुवर्षे बंदी होती. २०२१ चा निर्वासित कायदा व मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेली शिरिका योजना यांनी ती दारे किलकिली केली आहेत. हात बांधून ठेवायचे आणि मग घासही आखडता घ्यायचा, याला न्याय म्हणता येणार नाही. आमच्या मते अन्न ही दया आहे, पण काम करण्याची मोकळीक हा हक्क आहे. ख्रिस्तसभेने दोन्हींसाठी बोलले पाहिजे.

मग त्या भगिनीला काय सांगावे? पैसे पोचतात, पण सारखे फळत नाहीत. जिथे घेणाऱ्याला आधी विचारले जाते, जिथे त्याच्यातूनच शिक्षक, परिचारिका आणि गवंडी तयार होतात, जिथे शेजारचा गरीब वगळला जात नाही, तिथे ते टिकतात. जिथे देणाऱ्याची कल्पनाच मोठी असते, तिथे त्यांचे शीतगृह होते.

म्हणून यंदा पाकिटे वाटण्यापूर्वी धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत आम्ही एक विषय मांडणार आहोत. आपला निधी ज्या कार्यास जातो, तिथल्या माणसांचे म्हणणे काय आहे, तिथे शिकवणारे कोण आहेत आणि आपण थांबलो तर ते काम चालेल का, हे पत्राने विचारावे, आणि आलेले उत्तर रविवारच्या मिस्सानंतर सर्वांसमोर वाचावे. आपल्याच विन्सेंट डी पॉल मंडळाच्या मदतीलाही हेच प्रश्न लावावेत, असे आमचे मत आहे. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत जिथे दरमहा तांदूळ पोचतो, पण त्या घरच्या मुलीला पुढे काय शिकायचे आहे, हे अद्याप कोणी विचारलेले नाही.