पात्यांमागची स्प्रिंग

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याने 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी घडवलेल्या ‘नॉरफोक चाकू’ला 75 पाती व अवजारे आहेत; तरीही बहुपाती चाकूंचा जाणकार संग्राहक नग पारखतो तो पात्यांच्या संख्येवरून नव्हे, तर त्यांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगवरून.

ही स्प्रिंग म्हणजे मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी. मध्यभागी खिळ्याने जखडलेल्या या पट्टीचे मोकळे टोक पात्याच्या बुडख्यावर, म्हणजे मुठीत राहणाऱ्या जाड भागावर, सतत दाब देते. बुडख्याची सपाट बाजू टोकाखाली आली की पाते स्थिरावते आणि कोपरा आला की पट्टी उचलली जाते. या हालचालीला आणि तिच्या शेवटी उमटणाऱ्या ठसठशीत आवाजाला इंग्रज कारागीर पात्याची ‘चाल आणि बोल’ म्हणतात. पट्टी लालबुंद करून विझवल्यावर सुमारे 300 अंश सेल्सिअसला, निळी छटा चढेपर्यंत, पुन्हा तापवावी लागते, कारण ती फार कडक राहिली तर मोडते आणि मऊ पडली तर दाब धरत नाही.

पाती वाढली की खरी कसोटी लागते. शेजारची पाती मिटताना एकमेकांना घासू नयेत म्हणून ती बुडख्यापाशी केसभर वाकवतात, आणि हे वाकवणे नजरेच्या अंदाजानेच साधते. ‘व्हिटलर’ या तीनपाती प्रकारात मोठे पाते दोन स्प्रिंगांवर एकदमच टेकते, तर दुसऱ्या टोकाला प्रत्येक स्प्रिंगवर एकेक लहान पाते असते. दोन्ही स्प्रिंगांचा दाब तंतोतंत जुळवणे हे प्रदर्शनी चाकूच्या भपक्यापेक्षा निःसंशय मोठे कौशल्य आहे. स्टॅन शॉ (1926–2021) यांच्यासारखे ‘लिटल मेस्टर’, म्हणजे स्वतःच्या छोट्या कार्यशाळेत स्वतंत्रपणे काम करणारे शेफील्डचे कारागीर, कानशीने हीच जुळवणी करीत.

म्हणूनच धार लावून झिजलेले पाते संग्राहक स्वीकारतो, पण उघडल्या वा मिटल्या अवस्थेत मुठीच्या पाठीशी समतल न बसणारी स्प्रिंग सहसा स्वीकारत नाही. सेल्युलॉइडच्या मुठी असलेले जुने नग मात्र, स्प्रिंग कितीही उत्तम असली तरी, वेगळ्या खणात ठेवावे लागतात, कारण ते द्रव्य विघटित होताना निघणारी वाफ आजूबाजूच्या पोलादाला गंज चढवते.