आबांच्या रोजमेळातला वेग

प्रिय,

अगं, तुला सांगते, सध्या आमच्या घरी रोज संध्याकाळी आठच्या सुमारास भाव फुटतो. मी लॅपटॉपसमोर बसून आकडे वाचते आणि आबा ते रोजमेळात उतरवून घेतात. सुरुवातीला मी आपली स्वतःशीच पुटपुटत होते, ‘नऊशे वीस... सहाशे चाळीस... एकशे ऐंशी...’ तेवढ्यात आबा जपमाळ बाजूला ठेवून लगबगीनं आत आले. जन्म जालन्याच्या मोंढ्यात गेलेला माणूस. ‘सूनबाई, कशाचा भाव पडला गं एवढा? दुपारी तर काही बातमी नव्हती!’ मी म्हटलं, आबा, भाव नाही, वेग आहे. मुंबईत मी जो सर्व्हर भाड्यानं घेतलाय, त्याच्या नेटवर्कचा. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याकडं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, ‘मग तू पैसे नऊशेचे देतीस का एकशे ऐंशीचे?’

बघ, नेमकं तेच शोधत होते मी.

तू मागं विचारलं होतंस, जालन्यात बसून तुला सर्व्हर कशाला लागतो म्हणून. तिकडं जाऊन गाव विसरलीस की काय! अगं, बारवाल्यांनी १९६४ मध्ये इथं महिको काढली, तेव्हापासून आपलं गाव बियाण्यांवर जगतंय. जाफराबादपासून पलीकडं देऊळगाव राजापर्यंत शेडनेटच शेडनेट झालेत आता. मिरची, टोमॅटो, काकडी, सगळ्यांचं बीजोत्पादन. बायका एकेका फुलाचं हातानं क्रॉसिंग करतात आणि सुपरवायझर प्लॉटवर फिरून फोटो, व्हिडिओ काढतात: कळ्या नीट खुडल्या का, भेसळीचं झाड राहिलं का, फळ किती धरलं. ते सगळं एका ठिकाणी जमा करणारं ॲप म्हणजे माझा सध्याचा संसार. मुलं दिवसभर रानात असतात, त्यामुळं फोटो चढतात ते संध्याकाळी, साडेसातपासून दहापर्यंत. सगळ्यांचे एकदमच. आणि उन्हाळ्यात नेमक्या त्याच वेळी फोन सुरू झाले, ‘ताई, व्हिडिओ जातच नाही. चाक नुसतं फिरतंय.’

सर्व्हर देणाऱ्यांच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं, एक गिगाबिट. म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिट. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा सेकंदाला १२५ मेगाबाइट. एवढ्या वेगात आमच्या साऱ्या सुपरवायझरांचे दिवसभराचे फोटो चहा गाळून होईपर्यंत चढायला हवेत. मग अडतंय कुठं?

इथं मला तू आठवलीस, खरंच. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये त्या व्हर्नियरवर तू किती वेळ लावायचीस! आम्ही एक रीडिंग घेऊन कॅन्टीनला पळायचो आणि तू तारेचा व्यास वरून, मधून, खालून, मग तार फिरवून पुन्हा घेत बसायचीस. सर दार लावायला यायचे तरी हिचं चौथं रीडिंग चालूच. तेव्हा तुझ्यावर चिडलो आम्ही, पण आज जर्मनीतल्या एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत तुला उगाच नाही नेलं कुणी.

तर ऐक. पहिली गोष्ट म्हणजे घरून हे मोजताच येत नाही. आमच्या घरचं कनेक्शन १०० मेगाबिटचं, त्यावरून हजारचा सर्व्हर मोजायला गेलं तर उत्तर येणार नव्वद-पंच्याण्णव, आणि ते उत्तर आमच्या घराचं असणार, सर्व्हरचं नाही. दुसरं म्हणजे कंपनी स्वतः एक फाइल देते, ‘ही उतरवून बघा, किती पळते!’ ती पळतेच, कारण बहुधा त्याच इमारतीत ठेवलेली असते. स्पीड टेस्टच्या साइटही आपणहून जवळचं केंद्र निवडतात. त्या आकड्यावरून दाराबाहेरच्या रस्त्याचं काहीच कळत नाही.

म्हणून मी मुंबईतच, पण दुसऱ्याच कंपनीचा एक सर्व्हर तासाच्या भाड्यानं घेतला आणि दोन्हींवर आयपर्फ बसवलं. तुला आवडेल असं साधन आहे. त्याची सध्याची आयपर्फ-३ ही आवृत्ती अमेरिकेत बर्कलेच्या लॉरेन्स प्रयोगशाळेतल्या ईएसनेटच्या लोकांनी लिहिली. तुझ्यासारख्या शास्त्रज्ञांचे ढीगभर आकडे एका प्रयोगशाळेतून दुसरीकडं नेणारं ते नेटवर्क. आयपर्फ फुकट मिळतं. एका टोकाला ऐकणारा, दुसऱ्या टोकाला बोलणारा, मध्ये ना डिस्क ना फाइल. नुसता रस्ता मोजायचा. डिस्क मध्ये आली की कितीदा तीच हळू असते आणि बोल नेटवर्कला लागतो. मग टोकं उलटी करायची, कारण जाण्याचा आणि येण्याचा वेग सारखा असतोच असं नाही.

गिगाबिटच्या तारेवर अगदी सगळं छान असलं तरी ९४० च्या आसपासच आकडा येतो बरं का. प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक असला मजकूर लागतो, त्यात उरलेले साठ जातात. त्याबद्दल भांडायचं नाही. आबांना हे लगेच पटलं. मालाबरोबर बारदानाचं वजन आलंच म्हणाले.

आणि मोजणं फुकट नसतं, हे आधी समजून घ्यायला हवं. पूर्ण वेगानं एक मिनिट मोजलं की साडेसात जीबी डेटा जातो. महिन्याला १ टीबीची मर्यादा असलेला सर्व्हर एक गिगाबिटनं सलग चालला तर सारा कोटा सव्वादोन तासांच्या आत संपतो! जाहिरातीत हे दोन आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात, पण त्यांचा भागाकार कुणी करत नाही. मी म्हणून दहा-दहा सेकंदांची मापं घेतली. मात्र मधूनच एखादं पूर्ण मिनिटाचंही घ्यायचं, कारण काही ठिकाणी पहिले काही सेकंद मोकळं सोडतात आणि मग आवळतात. दहा सेकंद बघणाऱ्याला ते आवळणं दिसतच नाही.

दुपारी आकडे झकास. नऊशेच्या वर. मला वाटलं, झालं, सर्व्हर निर्दोष, आता मोबाइल कंपन्यांना बोलू. तेव्हा आबांनी थांबवलं.

ते ओसरीवर सोयाबीनची उगवण तपासत बसले होते. तुला आठवतं ना, ओलं गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवड्यानं कोंब मोजायचे. पिशवीवर लिहिलेलं असतंच की, सोयाबीनला किमान ७० टक्के. तरी कृषी विभाग दरवर्षी मृगाआधी सांगत फिरतो, घरी तपासल्याशिवाय पेरू नका. आबा पोत्याच्या तोंडाचे, मधले आणि तळाचे दाणे मुठीमुठीनं काढून मिसळत होते. मला म्हणाले, ‘तू वरचेच दाणे उचललेस, सूनबाई. तुझी पोरं फोटो दुपारी पाठवतात का?’

पाठवत नाहीत ना! मग सुरू झाला आमचा संध्याकाळचा भाव. आबांनी त्यांचा जुना लाल कापडी पुठ्ठ्याचा रोजमेळ काढला. डावीकडं जाणारा वेग, उजवीकडं येणारा. वर तिथी, तारीख, वेळ आणि समासात ‘वारा’, ‘पाऊस’, ‘लाइट गेली’. मी म्हटलं, आबा, मुंबईच्या सर्व्हरला जालन्याच्या वाऱ्याचं काय? तर म्हणे, ‘नंतर काय लागंल ते आत्ता कसं कळंल? लिहून ठेवावं.’ तुमच्या लॅबमध्ये बसवावं असा माणूस आहे.

पान भरत गेलं तशी गोष्ट उघडी पडली. सकाळी नऊशे, दुपारी नऊशे, संध्याकाळी आठनंतर घसरण आणि दहाच्या सुमारास पुन्हा वर. त्याच वेळी दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर तिसरीकडच्या सर्व्हरशी लावून बघितला, तो संध्याकाळीही ठणठणीत. म्हणजे शहराचा रस्ता तुंबलेला नव्हता, आमच्याच बाजूला काहीतरी होतं. भाड्याचा सर्व्हर म्हणजे बहुतेक वेळा एका मोठ्या यंत्राचा तुकडा असतो. त्या एकाच यंत्रावर कितीतरी भाडेकरू आणि बाहेर पडणारी तार सगळ्यांत मिळून. संध्याकाळी शेजारी कुणाचं तरी काम जोरात चालत असणार. मला याचा राग येतो, अगदी मनापासून. वाटून द्यायला हरकत नाही, स्वस्तात तसंच मिळणार. पण मग संध्याकाळी किमान किती मिळेल ते लिहा! आमच्यासारखी छोटी माणसं त्या एका आकड्यावर विसंबून दहा गावच्या लोकांना शब्द देतात.

आता तुझी पाळी. तू तिकडून मोजून दिलंस त्याचे आभार मानायचे राहिलेच. पण किती चिडलीस गं! ‘तुझा सर्व्हर टाकून दे, मला तर चाळीससुद्धा मिळत नाही.’ बाईसाहेब, एक तर तू स्वयंपाकघरात वायफायवर बसली होतीस, मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती मला. आणि दुसरं म्हणजे अंतर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तुझ्यामाझ्यात सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धर, तर जाऊनयेऊन ६५ मिलिसेकंद. पण केबल सरळ कुठं जाते? समुद्राच्या तळानं अरबस्तानाला वळसा, मग तांबडा समुद्र, इजिप्त. तुझ्या मापात १३० लागत होते.

पाठवणारा थोडा माल सोडतो आणि पोच आल्याशिवाय पुढचा सोडत नाही. एकदम किती सोडायचा त्याला विंडो म्हणतात. पूर्वी ती ६४ किलोबाइटच्या पुढं जातच नसे. तेवढ्यावर १३० मिलिसेकंदांच्या वाटेवर जेमतेम ४ मेगाबिट मिळतात, मग मधली तार गिगाबिटची असो की शंभर गिगाबिटची. विंडो वाढवायची सोय १९९२ मध्ये झाली. तरी तुझ्यापर्यंत पूर्ण गिगाबिट न्यायचा तर सतत सोळा मेगाबाइटच्या वर माल वाटेत हवा, आणि त्यातलं एखादं पाकीट हरवलं की पाठवणारा बिचकून हात आखडता घेतो. म्हणून तर तुला एकाऐवजी आठ धारा एकदम सोडायला लावल्या आणि आकडा कितीतरी पट चढला. सर्व्हर तोच, तूही तीच, कुकरही तोच. तेव्हा त्या चाळीसचा दोष मी कंपनीला दिला नाही, आणि देऊही नये. २०२५ च्या सप्टेंबरात जेद्दाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या होत्या, आठवतं? तेव्हा आपला व्हिडिओ कॉल किती अडखळायचा. त्यात मुंबईच्या कुठल्याही सर्व्हरवाल्याचा काय अपराध?

मग मी रोजमेळाची पानं फोटो काढून, आयपर्फच्या नोंदींसह कंपनीला पाठवली. आधी ठरलेलं उत्तर आलं, ‘आमच्याकडे सर्व ठीक आहे.’ पण तारीख-वेळेसकट मांडलेल्या हिशेबापुढं ते फार टिकत नाही. पुढच्या उत्तरात एका शहाण्या मुलानं मान्य केलं आणि आमचा सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवला. आता संध्याकाळीही सातशेच्या खाली येत नाही. त्या मुलानं जाता जाता विचारलं, हे समासात ‘वारा’ काय आहे? आबा दिवसभर खूश होते.

एवढं होऊनही तक्रारी निम्म्याच थांबल्या, हे तुला सांगायलाच हवं. भोकरदनकडचा एक मुलगा तरीही म्हणे, चाक फिरतंय. त्याच्याच फोनवरून मोजायला लावलं, तर वर चढवण्याचा वेग दोन मेगाबिट. सरकारनं २०२३ च्या जानेवारीत ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेली खरी, पण तीही खाली उतरवण्याच्या वेगाची. आमच्या पोरांना हवा असतो वर चढवण्याचा. दोन मेगाबिटवर चाळीस मेगाबाइटच्या व्हिडिओला पावणेतीन मिनिटं लागणारच, आणि मध्ये एकदा रेंज गेली की पहिल्यापासून सुरू. तिथं मुंबईचा गिगाबिट काय करणार? त्यासाठी आता ॲपच बदलतेय. फोटो फोनमध्येच लहान करायचे, व्हिडिओ तुकड्यांत पाठवायचा आणि तुटला तर तिथूनच पुढं. दोन गावांत चालू झालंय. ते काम मात्र मला या सगळ्या मापांपेक्षा जास्त आवडतंय, कारण त्यात क्रॉसिंगवरच्या बायकांची हजेरीही त्याच वेळी पोचते आणि त्यांची मजुरी अडत नाही.

बाकी मजेत. वंदे भारत आता नांदेडहून येते, तेव्हा दिवाळीला येशील तर तिकीट आधी काढ. आईनं तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलंय, कुरिअरचा पत्ता नीट कळव. आणि खरीप सुरू होण्याआधी मला तुझ्याकडून एकदा पुन्हा मोजून हवंय. वायफाय नको, तार जोडून बस. तुझ्या दुपारी साडेचारला, म्हणजे आमचे आठ. कुकर आधी उतरव.

तुझीच