पडशीतला बाळकृष्ण

पूर्वी आपल्याकडे माणसे काशीयात्रेला निघत, तेव्हा त्यांच्या पाठीवर एक पडशी असे. तीत दोन वस्त्रे, एक तांब्या, थोडे पोहे आणि बहुधा एखादा देव. पुढे आगगाड्या आल्या, ट्रंका आल्या, हमाल आले आणि यात्रेकरूचा प्रवासी झाला. आता जगभरची तरुण मंडळी पुन्हा पाठीवर पिशवी टाकून महिनेच्या महिने हिंडू लागली आहेत. तिला ती सॅक म्हणतात. नाव तेवढे बदलले, वस्तू तीच.

आम्ही उभयता या रीतीने आग्नेय आशियात फिरून आलो, ते २०२३ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत. ह्यांची साठी उलटली होती, माझी दारात उभी होती. बँकॉकपासून बालीपर्यंत पाच आठवडे, आणि दर माणशी पाठीवर केवळ ७ किलो ओझे, अशी अट मेलबर्नला असलेल्या आमच्या लेकीने घातली. सॅकही तिच्याच, कॉलेजात असताना घेतलेल्या. बेळगावच्या घरी आठ दिवस वजनकाटा माजघरात मुक्कामाला होता. दोन लुगडी गेली, लोणच्याची बरणी गेली, ह्यांचे तीन ग्रंथ गेले. देवघरातले देव धाकट्या दिरांच्या घरी नेऊन ठेवले. एकट्या लंगड्या बाळकृष्णाला मात्र हे सोडीनात.

"अहो, पाच आठवड्यांचाच तर प्रश्न आहे," मी म्हटले.

"रांगते मूल घरी ठेवून कोणी गावाला जाते का?" हे म्हणाले.

यावर मी काय बोलणार? बोटाएवढी ती पितळी मूर्ती मी काट्यावर ठेवली. शंभर ग्रॅमही भरली नाही. एका मलमलीच्या रुमालात गुंडाळून ती ह्यांच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात गेली.

तथापि त्या चिमुकल्या मूर्तीमागे आमच्या घरातला एक मोठा प्रश्न दडलेला होता. आमच्याकडे पूजा पुरुषांनी करावयाची, अशी चार पिढ्यांची चाल. आम्हांला एकच अपत्य, आणि ती कन्या, समुद्रापलीकडे. आपल्यामागे या देवांचे काय, हा प्रश्न ह्यांनी कधी उच्चारला नाही. परंतु कोणी आपले देव मठात नेऊन दिले, कोणी नदीत विसर्जन केले, असे कानांवर आले की हे त्या दिवशी जेवताना गप्प असत. अशी घरे आज आपल्यांत थोडी नाहीत; म्हणून हे लिहीत आहे.

बँकॉकमध्ये पहिले नवल वाटले ते दारोदारच्या देव्हाऱ्यांचे. प्रत्येक इमारतीपुढे खांबावर एक इवलेसे देऊळ. ते त्या जागेच्या रक्षक देवतेचे घर. तिच्यापुढे फुलांचे हार, उदबत्ती आणि नळी घातलेली लाल सरबताची बाटली! हसू आले; पण आपणही बाळकृष्णाला लोणी देतोच की. वाट सुथात या विहाराजवळ प्रचंड तांबडा झोपाळा उभा आहे. तेथील ब्राह्मणांच्या उत्सवात त्यावर झोके घेत असत. ती प्रथा १९३५ साली थांबली. जवळच १७८४ साली राजा पहिला राम याने स्थापिलेले देवस्थान. शिव, गणेश आणि विष्णू यांची तीन साधी मंदिरे. बौद्ध राजाच्या राज्याभिषेकात आजही येथील शुभ्रवस्त्रधारी ब्राह्मणांना मान असतो.

तेथून रात्रभराच्या गाडीने मलेशियाच्या सीमेवर, पुढे दुसरी गाडी आणि होडी करून पेनांगला, आणि मग बसने सिंगापूरला. सिंगापूरच्या चिनी वस्तीत ऐन मध्यावर मारिअम्मनचे देऊळ आहे. १८२७ साली नारायण पिल्ले यांनी ते उभारले. तमिळ माणसे पोटासाठी समुद्र ओलांडून आली, ती आपली ग्रामदेवता बरोबर घेऊनच. गोपुराखाली क्षणभर टेकलो तेव्हा हे इतकेच म्हणाले, "आपण एकटे नाही पडशीत देव घेऊन निघालेले."

सिंगापूरहून विमानाने जावा बेटावर योग्यकर्त्यास उतरलो. प्रंबानन येथील नवव्या शतकातील मंदिरे पाहण्याची ह्यांची जन्माची हौस. ब्रह्मा, विष्णू आणि मध्ये ४७ मीटर उंच शिवमंदिर. गाभाऱ्यात शिव, पश्चिमेच्या दालनात गणपती, दक्षिणेस अगस्त्य आणि उत्तरेस महिषासुरमर्दिनी. कठड्याच्या आतल्या अंगाला अवघे रामायण कोरलेले. कैक शतके हा सारा दगडांचा ढिगारा होता. मधल्या मंदिराची पुनर्बांधणी १९५३ साली पुरी झाली. तिन्हीसांजेला तेथल्याच नाट्यगृहात रामायणाचे नृत्य पाहिले. १९६१ पासून ते चालत आले आहे, आणि नाचणारे बहुतेक कलावंत धर्माने मुसलमान. सीतेला पळवताना जटायूने झडप घातली, तेव्हा माझ्या शेजारच्या जावानी आजीबाईंनी पदराने डोळे पुसले.

मात्र देवीच्या दालनातून बाहेर येताना मन उदास झाले. एवढी सुंदर मूर्ती. तिच्यापुढे त्या दिवशी ना फूल, ना अक्षता. ह्यांनी सॅकच्या वरच्या कप्प्यावर नुसता हात ठेवला. त्यांच्या मनात काय आले असेल, ते विचारण्याची गरज नव्हती.

जावाच्या पूर्व टोकापर्यंत दिवसभर आगगाडी आणि तेथून तरीने सामुद्रधुनी ओलांडून बाली. मजपाहित राज्य लयाला गेले तेव्हा तेथील कित्येक सरदार, पुरोहित आणि कारागीर हेच पाणी ओलांडून आले, अशी बालीची परंपरा सांगते. तरीच्या कठड्याशी उभी असताना मला आमचा मंगेश आठवला. सोळाव्या शतकात कुशस्थळीची देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा आपल्या पूर्वजांनी जुवारी नदी ओलांडून त्याला प्रियोळास नेले. देऊळ मागे राहिले. देव माणसांबरोबर गेला. लहानपणी ही कथा मी संकटाची म्हणून ऐकली होती. त्या तरीवर ती मला प्रथमच धीराची वाटली.

उबुदला एका कुटुंबाच्या वाड्यात आम्ही खोली घेतली. घरमालकीणबाईंना सारे इबू म्हणत. इबू म्हणजे आई. वाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात त्यांचे घरचे देऊळ. आपलेही देवघर आपण ईशान्येलाच करतो, हे मी त्यांना खुणांनी सांगितले तेव्हा त्यांनी माझा हातच धरला. रोज सकाळी इबू आणि त्यांची सून कोवळ्या माडपात्यांच्या लहान चौकोनी परड्या विणीत. आत पान-सुपारी-चुन्याचा विडा, वर चार दिशांची चार रंगांची फुले. पूर्वेला पांढरे, दक्षिणेला तांबडे, पश्चिमेला पिवळे, उत्तरेला निळे वा हिरवे. उंबऱ्यावर, चुलीपाशी, विहिरीपाशी एकेक ठेवून पाणी शिंपडीत. सायंकाळपर्यंत ते सगळे सुकून जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ. गावच्या मोठ्या पूजांना पुरोहित येतो. परंतु हे रोजचे देवकार्य सर्वस्वी बायकांच्या हातांवर चालते. कित्येक देव्हाऱ्यांत मूर्तीही नसते, रिकामे आसन असते. उत्सवाला देव उतरतो आणि तेथे बसतो.

२२ मार्चला बालीचे नववर्ष होते, शके १९४५. पंचांग उघडले तर आपलाही पाडवा त्याच दिवशी, तोच शक! आपण गुढी उभारतो. ते मौन पाळतात. त्या दिवसाला न्येपी म्हणतात. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत अग्नी नाही, दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा बंद. आदल्या रात्री वाजतगाजत राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा मिरवल्या, आणि उजाडता अवघे बेट निःशब्द झाले.

नेमका त्या पहाटे ह्यांना ताप भरला. औषध जवळ होते, भय नव्हते; पण उठून स्नान करण्याची ताकद नव्हती. इतक्या वर्षांत बाळकृष्णाची पूजा एक दिवस चुकली नव्हती. मी काही वेळ उशाशी बसून राहिले. मग विचारले, "आज मी करू?"

ह्यांनी डोळे उघडले. बराच वेळ छताकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "फूल वाहायला मुंज कशाला लागते?"

इबूंनी आदल्या दिवशीच तोडून ठेवलेल्या पांढऱ्या चाफ्यातले एक फूल मी घेतले. निरांजन नाही, उदबत्ती नाही, घंटा नाही, मोठ्याने मंत्रही नाही. तांब्यातले पाणी, गंधाऐवजी नुसता अंगठ्याचा स्पर्श आणि ते फूल. पाच मिनिटांत पूजा आटोपली. त्या रात्री बेटावर एकही दिवा नव्हता आणि अमावास्या नुकतीच सरली होती. ह्यांचा ताप उतरला होता. दोघे ओसरीवर बसून नक्षत्रे पाहत होतो. अंधारात हे हळूच म्हणाले, "लेकीला विचारून पाहू या." तो न बोललेला प्रश्न पहिल्यांदा असा बोलला गेला.

दिवाळीत लेक आली. विचारताच ती घाबरली. "आई, मला सोवळे-ओवळे जमायचे नाही गं. कामावरून यायला कधी रात्र होते."

"पाणी आणि एक फूल जमेल?" मी विचारले.

तिने पुष्कळ विचार करून मान हलविली. आम्ही आणखी कोणतीही अट घातली नाही. हा निर्णय सर्वांना पटेल असे नाही. आमच्या आप्तांतील एका वृद्ध गृहस्थांनी स्पष्ट नापसंती दर्शविली आणि त्यांच्याविषयीचा आमचा आदर त्यामुळे उणावलेला नाही. परंतु दगडी प्रासादात एकाकी उभी असलेली देवी आणि सायंकाळी सुकणारी माडपात्याची परडी, यांतले टिकाऊ काय, हे आम्ही डोळ्यांनी पाहून आलो होतो.

मलमलीच्या त्याच रुमालातून बाळकृष्ण मेलबर्नला गेला. आमच्या देवघरात त्याचा इवला पाट आम्ही तसाच ठेवला आहे. इतर देवांची पूजा झाली की हे त्या पाटावरही एक फूल ठेवतात. कोणी पाहुणा विचारतो, "येथला देव कोठे गेला?"

"गावाला गेलाय," हे सांगतात. "रांगायला लागला ना आता."